को-फाउंडर शोधताना: आधी घरखर्च, मग हिस्सा

‘कल्पना तयार आहे, टेक्निकल माणूस हवा.’ मुंबईतल्या स्टार्टअपच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज रोज कुठेतरी पडतो. चांगला टेक्निकल माणूस तो वाचून पुढे सरकतो, कारण त्याच्याकडेही चार कल्पना पडून असतात आणि त्यांच्यासाठी तो विकणारा माणूस शोधत असतो.

माझं काम कंपनी नोंदणीच्या कागदांचं. समोर बसणाऱ्या को-फाउंडरच्या, म्हणजे मिळून कंपनी काढणाऱ्या भागीदारांच्या, जोड्यांनी लोगो ठरवलेला असतो, इन्व्हेस्टरला काय सांगायचं तेही पाठ असतं. पगाराशिवाय किती महिने काढता येतील, असं दोघांना वेगवेगळं विचारलं की मात्र उत्तरं जुळत नाहीत. माझ्या पाहण्यात मुंबईतल्या बऱ्याचशा जोड्या तिथेच तुटल्या. कोडिंग किंवा मार्केटिंग कच्चं होतं म्हणून तुटलेल्या कमी. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये पैशाचा हिशोब इतर ठिकाणी येतो त्यापेक्षा बराच आधी आला आहे.

१. को-फाउंडर खरंच हवा आहे का?

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला कायद्याने किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. ती अट भागवायला आई, बायको किंवा भावाचं नाव घालणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात बेकायदा काही नाही. फक्त संचालकपदासोबत जबाबदारीही येते, हे घरच्यांना सही घेण्याआधी सांगा. एकट्यालाच चालवायचं असेल तर वन पर्सन कंपनीचा पर्यायही आहे. फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये मुंबईत नायका सुरू केली ती बँकिंगमधला मोठा अनुभव गाठीशी घेऊन, एकटीच्या बळावर. थोडक्यात, को-फाउंडर नसला तर कंपनी निघतच नाही असं काही नाही.

तुम्हाला हवं असलेलं काम सहा महिन्यांत संपणारं असेल, म्हणजे वेबसाइट, अ‍ॅपची पहिली आवृत्ती, पॅकेजिंग, तर पैसे देऊन करून घ्या. हिस्सा कायमचा जातो, फी एकदाच जाते. जे काम रोजचं आहे, चुकलं तर धंदाच बसतो, आणि जे तुम्हाला शिकायला वर्षानुवर्षं लागतील, त्यासाठीच भागीदार आणा.

२. पुढच्या बारा महिन्यांची कामं कागदावर काढा

समजा तुम्हाला गिरगाव ते डोंबिवलीमधल्या छोट्या केटरर्सना कच्चा माल एकत्र खरेदी करून पुरवायचा आहे. कामं अशी: वाशीच्या एपीएमसीत पहाटे भाव काढणं, पन्नास केटरर्सशी उधारी सांभाळत बोलणं, ऑर्डरचं सॉफ्टवेअर, टेम्पोचं नियोजन, जीएसटी आणि वसुली. प्रत्येक कामापुढे तुमचं नाव किंवा रिकामी जागा लिहा. बहुतेकांना इथे धक्का बसतो. ज्या ‘टेक्निकल’ माणसासाठी धावाधाव चालली होती त्याचं काम पहिले सहा महिने एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भागतं, आणि रिकाम्या जागा असतात वसुलीच्या आणि पहाटेच्या.

३. शोधायचं कुठे

सगळ्यात आधी ज्यांच्यासोबत काम केलंय ते लोक. जुन्या ऑफिसातली, डेडलाइनच्या रात्री चिडचिड न करणारी माणसं आठवा. मैत्री त्यानंतर येते. कॉलेजच्या कट्ट्यावरचा जिवलग मित्र पैसे वसूल करायला निघाल्यावर कसा वागतो, हे कट्ट्यावर कळत नाही.

यादी संपली की बाहेर पडा, पण कामाच्या जातीप्रमाणे. सॉफ्टवेअर किंवा हार्डवेअर असेल तर पवईच्या आयआयटीतलं साइन हे इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणारं केंद्र, आणि तिथल्या ई-सेलचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या उद्योजकता गटाचे, कार्यक्रम, माटुंग्याचं व्हीजेटीआय, विद्याविहारला सोमय्या संकुलातलं रिडल हे तसंच केंद्र. खाद्यपदार्थ, रंग, औषधं किंवा सौंदर्यप्रसाधनं असतील तर माटुंग्याचं आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था, म्हणजे जुन्या लोकांचं यूडीसीटी. प्रॉडक्ट किती दिवस टिकेल हे सांगणारा माणूस तिथे भेटेल, पिच स्पर्धेत नाही. विक्री, डीलर आणि उधारी समजणारा हवा असेल तर माधवराव भिडे यांनी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबसारख्या मराठी उद्योजकांच्या बैठकांना जा. तिथे स्टार्टअपची भाषा कमी आणि पेमेंट कधी येतं याची चर्चा जास्त असते. वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्या अमेरिकी कंपनीची को-फाउंडर जुळवणारी मोफत ऑनलाइन सेवाही आहे; प्रोफाइल नीट लिहिलं तर भारतातलेही लोक भेटतात.

मोठ्या हॉटेलातल्या नेटवर्किंग संध्याकाळींबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तिथे जमलेला प्रत्येक जण कोणाला तरी शोधत असतो, आणि खरोखर कामात गुंतलेला माणूस त्या वेळी कामावर असतो.

४. पहिल्या दोन भेटी

पहिली भेट कांदेपोह्यांसारखीच असते. दोघंही गुणी असतात, कोणी आवाज चढवत नाही. म्हणून तिच्यावर फार विसंबू नका. दुसऱ्या भेटीत टोचणारे प्रश्न काढा. आधीच्या नोकरीत कोणाशी बिनसलं, आणि तो माणूस तुमच्याबद्दल काय सांगेल? तीन वर्षांनी कोणी दहा कोटींना कंपनी मागितली तर विकणार का? धंदा मुंबईतच ठेवायचा की बंगळुरूला हलायची तयारी आहे? ओला २०१० मध्ये मुंबईत सुरू झाली आणि नंतर बंगळुरूला गेली. असा प्रश्न आला तेव्हा एकाची आई अंथरुणाला खिळलेली असेल आणि दुसऱ्याने तिकीट काढलेलं असेल, तर काय करायचं ते आधी बोललेलं बरं.

एक साधी गोष्ट लोक विसरतात: तुम्ही विरारला आणि तो पनवेलला राहत असेल तर रोज भेटणार कुठे? दादरला भेटू म्हणणं सोपं आहे, पण रोजचे चार तास प्रवासात गेले की पावसाळा येईपर्यंत दोघं फोनवरच काम करू लागतात. ते चालेल की नाही, हे तुमचा धंदा ठरवेल. माल हाताळायचा असेल तर नाही चालणार.

नोकरीचं नियुक्तिपत्रही याच टप्प्यावर वाचायला मागा. आयटीत तीन महिन्यांचा नोटीस पीरियड सर्रास असतो, दुसरं काम करण्यावर बंदी असते, आणि नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क सांगणारं कलम बहुधा असतंच. सरकारी नोकर असेल तर परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर तुमच्या स्टार्टअपची एक ओळही लिहू देऊ नका.

५. दोन्ही घरांचा खर्च मांडा

ही पायरी लाज वाटते म्हणून टाळली जाते. टाळू नका. दोघांनी एक-एक कागद भरायचा: घरभाडं किंवा ईएमआय, आई-वडिलांची औषधं आणि मेडिक्लेम, मुलांची फी, गावच्या घराचं कर्ज, बहिणीचं ठरलेलं लग्न, चालू एसआयपी. त्यातून नवऱ्याचा किंवा बायकोचा पगार वजा करा. हाताशी असलेली बचत उरलेल्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल तेवढे महिने तुम्ही पगाराशिवाय तग धरू शकता. शेअर मार्केटमधले पैसे आज विकले तर किती येतील तेवढेच धरा. पीएफ आणि बायकोचे दागिने धरू नका.

उदाहरण घेऊ. पहिला मुलुंडला आई-वडिलांच्या घरात राहतो, महिन्याचा खर्च २२,००० रुपये, बचत ६ लाख ६० हजार. तो ३० महिने थांबू शकतो. दुसऱ्याने ठाण्यात फ्लॅट घेतलाय, ईएमआयसकट खर्च ८५,०००, बायकोच्या पगारातून ४०,००० येतात, म्हणजे दरमहा ४५,००० कमी पडतात. बचत साडेचार लाख. त्याच्याकडे १० महिने आहेत. या कंपनीकडे १० महिने आहेत, ३० नाहीत, आणि दुसरा माणूस कदाचित जास्त हुशार असूनही हे खरं आहे.

म्हणून त्याला नाकारायचं असं नाही. मार्ग निघतात. पहिलं उत्पन्न येईपर्यंत त्याने नोकरी ठेवायची, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काम करायचं, आणि त्याच्या हिस्स्याचं घड्याळ (ते आठव्या पायरीत) पूर्णवेळ आल्यावरच सुरू करायचं. किंवा कंपनीत पैसे येताच आधी त्याला गरजेपुरता पगार सुरू करायचा आणि तुम्ही थांबायचं. तुम्ही जास्तीचे पैसे घातलेत तर ते कंपनीला दिलेलं कर्ज म्हणून वहीत दाखवा. संचालक असं कर्ज देऊ शकतो, फक्त हे पैसे कोणाकडून उसने घेतलेले नाहीत असं लेखी द्यावं लागतं. त्या पैशांच्या बदल्यात गुपचूप हिस्सा वाढवून घेण्याची भाषा पहिल्या वर्षी काढू नका.

आणि बँकेची वैयक्तिक हमी. कंपनी लिमिटेड असली तरी कर्ज देताना बँक बहुतेकदा संचालकांची हमी मागते. ती कोण देणार, कोणाचं घर कधीच गहाण पडणार नाही, हे याच कागदावर लिहा.

जमलं तर दोन्ही घरच्यांना एकदा एकत्र जेवायला बोलवा. तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये त्यांना रस नसतो. ‘अहो, ते सगळं ठीक आहे, पण हप्ता कुठून जाणार?’ असं कोणीतरी विचारतंच. तो प्रश्न जेवणाच्या ताटावर आलेला बरा, दहाव्या महिन्यात नको.

६. सहा ते आठ आठवड्यांचं खरं काम

आता कंपनी न काढता एक छोटं काम सोबत करा, ज्यात कोणीतरी खरे पैसे देईल. केटररच्या उदाहरणात: दादर आणि माहीममधले पाच केटरर, एक महिना, फक्त कांदे, बटाटे आणि तेल. श्रावण सोडून एखादा लग्नसराईचा महिना निवडा, म्हणजे ताण खरा येईल. ज्या कामात कोणी ओरडत नाही, माल उशिरा येत नाही आणि पैसे अडकत नाहीत, त्या कामातून माणूस कळत नाही.

या काळात काय बघायचं? कबूल केलेली गोष्ट जमणार नाही हे तो आधी सांगतो की तुम्ही विचारल्यावर. गिऱ्हाईक चिडलं की फोन कोण उचलतं. तुमचं म्हणणं चुकीचं असेल तर तो तोंडावर सांगतो का, आणि सांगितल्यावर तुम्ही कसे वागता. हिशोबाची शीट न सांगता भरली जाते का. पैशाचे छोटे व्यवहार तर बघाच: टेम्पोचे आठशे रुपये खिशातून गेले ते लिहिले का, की ‘राहू दे रे’ म्हणून सोडले? राहू दे म्हणणारा दिलदार वाटतो, पण त्याच्या डोक्यात वही चालूच असते.

एक भांडण या काळात व्हायलाच हवं. झालं नाही तर एखादा खरा मतभेदाचा निर्णय मुद्दाम टेबलावर घ्या, समजा उधारी द्यायची की नाही. भांडणानंतर दुसऱ्या दिवशी दोघं कामाला कसे लागलात, ते बघण्यासारखं असतं.

हे काम सुरू करण्याआधी दोन कागद मात्र करा. भागीदारीला लेखी करार लागतोच असं नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार दोघांनी नफा वाटून घेत एकत्र धंदा केला तर ती तोंडीही भागीदारी ठरू शकते. वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा समान वाटला जातो आणि देण्यांची जबाबदारी दोघांवर, अमर्याद. म्हणून चाचणीच्या काळात नफा वाटू नका. एकाच्या नावाने बिल करा, दुसऱ्याला ठरलेली फी द्या, आणि ही भागीदारी नाही असं लिहून ठेवा.

दुसरा कागद कोडचा, डिझाइनचा किंवा रेसिपीच्या लेखी नोंदींचा. लिहिणारा नोकर नसेल तर कॉपीराइट साधारणपणे त्याचाच असतो. तो दुसऱ्याकडे जायला १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखी आणि सही केलेला करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. इंटरनेटवरून उतरवलेल्या अर्ध्या पानाच्या करारात या दोन्ही गोष्टी नेमक्या नसतात. साध्या करारासाठी आता महाराष्ट्रात शंभरचा स्टँप पेपर चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो.

७. चौकशी

ही दोन्ही बाजूंनी करा आणि सांगून करा. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या, साइटवर तो आधी कोणत्या कंपनीत संचालक होता ते बघा. सलग तीन वर्षं वार्षिक विवरणपत्रं न भरणाऱ्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. मित्राच्या बंद पडलेल्या कंपनीत नावापुरता संचालक असलेला माणूस अशा वेळी तुमच्या कंपनीत संचालक होऊ शकत नाही, आणि कित्येकदा त्याला स्वतःलाच ते ठाऊक नसतं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या साइटवर नावाने खटले शोधा. सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीचा, अहवाल एकमेकांना दाखवा. जुन्या दोन सहकाऱ्यांशी बोला, त्यातला एक तरी त्याने न सुचवलेला असू दे.

८. हिस्सा आणि कागद

पन्नास-पन्नास करायचं की नाही यावर लोक तासन्‌तास घालवतात. माझं मत विचाराल तर पूर्णवेळ दोघं एकाच दिवशी येत असतील तर समान हिस्सा वाईट नाही, पण अडलं तर कोण सोडवणार ते आधी लिहा. कंपनीची नियमावली करताना बरेच जण कायद्यातला नमुना, टेबल एफ, जसाच्या तसा चिकटवतात. त्या नमुन्यात संचालकांच्या बैठकीत समसमान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत असतं. म्हणजे अध्यक्षाच्या खुर्चीत जो बसेल त्याचा शब्द शेवटचा, आणि हे दोघांपैकी कोणी वाचलेलं नसतं. दुसरा आकडा ७५ टक्क्यांचा. नियमावली बदलण्यासारखे विशेष ठराव तीन-चतुर्थांश मतांनी होतात, त्यामुळे २६ टक्के असलेला माणूसही ते अडवू शकतो. ‘मला फक्त २६ दे’ म्हणणारा नम्र असेल, भोळा असेलच असं नाही.

आता व्हेस्टिंग, म्हणजे हिस्सा एकदम न मिळता काम केलेल्या महिन्यांप्रमाणे हळूहळू कमावणं. कंपनी नोंदवताना शेअर पहिल्या दिवशीच नावावर होतात, म्हणून आपल्याकडे उलट बाजूने लिहावं लागतं: मुदतीआधी बाहेर पडला तर न कमावलेले शेअर मूळ किमतीला परत द्यायचे. प्रचलित मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी गेला तर काहीच नाही, त्यानंतर महिन्यागणिक. १०,००० शेअरमधले ५,५०० तुमचे आणि ४,५०० त्याचे असतील आणि तो १६ महिने पूर्ण करून गेला, तर ४८ पैकी १६ महिन्यांचे, म्हणजे १,५०० शेअर त्याच्याकडे राहतील आणि ३,००० परत येतील. हे लिहिलं नसेल तर दुसऱ्या वर्षी सोडून गेलेल्या माणसाकडे ४५ टक्के राहतात, आणि कोणताही शहाणा गुंतवणूकदार कोणाकडे किती शेअर याचा असा तक्ता बघून उठून जातो. मतांच्या जोरावर त्याला संचालकपदावरून काढता येईल, पण त्याने शेअर हलत नाहीत.

ही कलमं दोघांच्या करारात लिहून थांबू नका, कंपनीच्या नियमावलीतही घाला. प्रायव्हेट कंपनीत शेअर हस्तांतरणावरचं जे बंधन नियमावलीत नाही ते कंपनीवर लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रंगराज खटल्यात म्हटलं आहे. बाजारमूल्यापेक्षा स्वस्तात शेअर घेणाऱ्यावर आयकर लागू शकतो, त्यामुळे परतीच्या कलमावर सीएची नजर फिरवून घ्या.

‘सोडून गेलास तर दोन वर्षं हाच धंदा करायचा नाही’ या कलमावर फार भिस्त ठेवू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्यावर बंदी घालणारे करार रद्दबातल ठरवतं. बाहेर पडलेल्या माणसाला कोर्टाकरवी थांबवणं कठीण जातं. गिऱ्हाइकांची यादी आणि भावांची माहिती गोपनीय ठेवण्याचं कलम त्यापेक्षा उपयोगी.

पुढच्या पिढीचंही बोला, जरी दोघं पंचविशीत असलात तरी. एशियन पेंट्स १९४२ मध्ये गिरगावात चार मित्रांनी सुरू केली. पन्नास वर्षांहून जास्त काळ चार घराणी एकत्र राहिली, आणि १९९७ मध्ये चोक्सी कुटुंब हिस्सा विकून बाहेर पडलं. तोवर निर्णय मूळ मित्रांच्या हातात नव्हते. तुमचा को-फाउंडर उद्या नसला तर त्याचे शेअर त्याच्या वारसांकडे जातील. ते तुम्हाला विकत घेता येतील का, कोणत्या किमतीला, आणि त्याच्या बायकोला योग्य पैसे कसे मिळतील, हे एका परिच्छेदात लिहून होतं. शेअरचं नॉमिनेशनही करून टाका.

९. नोंदणीनंतरचा पहिला आठवडा

डोमेन, गुगलचं मुख्य खातं, अ‍ॅप स्टोअरची खाती आणि इन्स्टाग्राम सुरुवातीला ज्याने काढले त्याच्या वैयक्तिक मेलवर असतात. ते सगळं कंपनीच्या मेलवर घ्या आणि दोघांकडे प्रवेश ठेवा. चाचणीच्या काळातला कॉपीराइट कंपनीच्या नावे करणारा करार याच आठवड्यात सही करा. ट्रेडमार्कचा अर्ज एकाच्या नावाने केला असेल तर तोही कंपनीकडे हस्तांतरित करावा लागेल. अजून केला नसेल तर थेट कंपनीच्या नावाने करा. मान्यताप्राप्त स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये लागतात, इतर कंपन्यांना ९,०००. बँक खात्यावर ठरावीक रकमेच्या वर दोघांच्या सह्या ठेवा, पण रक्कम फार खाली ठेवू नका, नाहीतर एक जण गावी गेला की टेम्पोवाल्याचे पैसे अडकतात.

घरखर्चाचा पाचव्या पायरीतला कागद दर सहा महिन्यांनी पुन्हा भरा. मूल होतं, भाडं वाढतं, वडील निवृत्त होतात, आणि ३० महिन्यांचे १२ होतात. आकडा बदलला की त्याच आठवड्यात दुसऱ्याला सांगायचं, असं करारात लिहिता येत नाही. पण दोघांनी ते ठरवून घ्या.